देवाचं तोंड पाहिलेलं गाव

खांदेश्वरची आमची इमारत नवी होती तेव्हा सोसायटीला नाव काय द्यायचं यावर मोठी सभा भरली होती. एका गृहस्थांना 'सी व्ह्यू' हवं होतं. समुद्र काही दिसत नव्हता, पण त्यांच्या मजल्यावरून खाडीचा एक पट्टा दिसायचा आणि तेवढ्यावर ते अडून बसले होते. कुणाला साईबाबांचं नाव हवं होतं, कुणाला बिल्डरच्या आईचं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत चहा पीत बसले होते. नकळत माझ्या तोंडून निघून गेलं, "पण इथं कोण काय बोललं होतं?" सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. म्हातारीला काहीतरी व्हायला लागलं की काय, असं टेन्शन आलं असावं बिचाऱ्यांना. मी हातानंच 'चालू द्या' म्हटलं. तो प्रश्न मुळात माझा नव्हताच. तो हसाजी मास्तरांचा होता.

पंचावन्न-छप्पनच्या सुमारास मी लग्न होऊन पनवेलला आले. तेव्हा नवी मुंबई हे नाव कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. खाडी होती, मिठागरं होती, भाताची खाचरं होती, आणि गावात शिरलं की बैलगाडीची चाकं करणाऱ्या सुतारांची ठोकठोक दिवसभर कानावर पडायची. आमचे हे सरकारी दवाखान्यात होते. मला शाळेत मराठी शिकवायची नोकरी मिळाली आणि भाड्याची जागा मिळाली ती इस्राएल आळीत. समोरच्याच घरात आमच्या शाळेचे भूगोलाचे मास्तर आणि त्यांच्या पत्नी रिबकाबाई राहत.

मास्तर बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. त्यांचे आजे-पणजे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावातली जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत. घरात आपल्यासारखंच मराठी बोलत, प्रार्थना मात्र हिब्रूत करत. त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला गाव मशीद म्हणायचं आणि तेसुद्धा मशीदच म्हणायचे. हजेरीपटावर मास्तरांचं नाव इझिकेल असं होतं, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. सगळ्यांचे ते हसाजी मास्तर. आणि हसाजी नावाचा हा माणूस मी कधी हसताना पाहिला नाही. पोरं म्हणायची, देवानं नावातच 'हसा जी' अशी विनंती करून ठेवली आहे, मास्तर ऐकत नाहीत त्याला तो तरी काय करणार.

उंच, किडकिडीत अंगलट. धोतर, कॉलरीशी झिजलेला कोट, काळी टोपी. चालताना मान जरा पुढे काढलेली, पुढच्या वळणावर कोण येतंय ते आधीच बघून घ्यावं तशी. घराच्या दाराच्या चौकटीला त्यांची एक बारकी नळी तिरकी ठोकलेली होती, त्यात देवाचं नाव लिहिलेलं असतं म्हणे. येता-जाता मास्तर तिला बोटं लावून ती बोटं ओठांना लावायचे. घाईत विसरले तर कोपऱ्यापर्यंत गेलेले परत यायचे, बोटं लावायचे आणि पुन्हा निघायचे.

शाळेतल्या पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. नाव नाही, गाव विचारलं. मी म्हटलं, माहेर साताऱ्याकडचं, निढळ. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच उभे होते आणि इतर शिक्षक माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होते.

"निढळ म्हणजे कपाळ," मास्तर डोळे उघडून म्हणाले. "तुमचं गाव कपाळ आणि माझं गाव तोंड. शेजार जमला म्हणायचा आपला."

हे काय बोलणं, मला काही कळेना. घरी जाऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, भूगोल शिकवून शिकवून होतं असं.

पुढे हळूहळू उलगडा झाला. मास्तरांचं म्हणणं असं, की गावाचं नाव म्हणजे कुणीतरी एकदा त्या जागी उभं राहून बोललेलं वाक्य असतं. माणूस जातो, वाक्य झिजत झिजत एक शब्द उरतो आणि लोक त्याला गाव म्हणतात. म्हणून कुठल्याही गावाचं नाव निघालं की ते विचारायचे, इथं कोण काय बोललं होतं? ही समजूत त्यांच्या धर्माच्या पोथीतून आली होती. त्यात म्हणे सगळी गावं अशीच आहेत. एकजण उघड्या माळावर दगड उशाला घेऊन झोपला, जागा झाल्यावर म्हणाला की देव इथं होता आणि मला पत्ताच नव्हता. त्या जागेचं नाव पडलं बेथेल, देवाचं घर. दोघांनी एका विहिरीपाशी शपथ घेतली, ती जागा झाली बैर-शेबा, शपथेची विहीर. आपल्याकडे माणसांना नावं ठेवतात, त्यांच्याकडे जागांना ठेवायचे, असं मी एकदा म्हणाले. मास्तर गंभीरपणे म्हणाले, दोन्ही कामं एकाच तोंडानं होतात.

आणि त्या सगळ्या गावांमध्ये मास्तरांचं गाव एकच. पनुएल.

त्यांचा मूळपुरुष याकोब. तरुणपणी त्यानं थोरल्या भावाला फसवून बापाचा आशीर्वाद लाटला आणि देश सोडून पळाला. कितीतरी वर्षांनी बायका-मुलं, गुरंढोरं घेऊन परत येत होता. वाटेत कळलं, भाऊ समोरून येतोय, बरोबर पुष्कळ माणसं घेऊन. याकोबानं आपल्या माणसांना नदीपार पाठवलं आणि अलीकडे एकटा राहिला. अंधारात कुणीतरी त्याला येऊन भिडलं. दोघांची झोंबी पहाट फुटेपर्यंत चालली. त्यात याकोबाच्या मांडीची शीर दुखावली, पण त्यानं मिठी सोडली नाही. आशीर्वाद देशील तरच सोडीन, म्हणाला. आशीर्वाद मिळाला, नवं नाव मिळालं, इस्राएल. आणि उजाडल्यावर याकोब म्हणाला, मी देवाचं तोंड पाहिलं आणि तरी जिवंत राहिलो. म्हणून ती जागा पनुएल. देवाचं तोंड.

मास्तरांच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मशिदीत बायकांच्या बाजूला बसून ती ही गोष्ट ऐकायची, आणि दरसाल तिला ऐकू यायचं ते 'पनवेल'. त्यात तिला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. नदी होती, गाढी. ओहोटीला गुरं-माणसं पायी पार होतील अशी जागाही होती, बंदराच्या वरच्या अंगाला जिथं नदी वळते तिथं. लहानपणी तिनं हसाजीला बोट धरून तिथं नेलं होतं आणि दाखवलं होतं, "हितंच रं हसू, हितंच आपला याकोब लंगडला." तिच्या मनात शंकाच नव्हती. मटणातली मांडीची शीर ही माणसं खात नाहीत, याकोबाची आठवण म्हणून. रिबकाबाई ती शीर काढून टाकायच्या तेव्हा सासूचा शब्द सांगायच्या, की गाढीच्या काठच्या माणसांनी तरी एवढं पाळलंच पाहिजे.

मास्तर भूगोलाचे. त्यांना खरं काय ते ठाऊक नसेल असं कसं होईल? एकदा मी विचारलंच. ते म्हणाले, "बाई, नकाशात पनुएल कुठं आहे ते मी डोळे मिटून दाखवीन. पण आईनं दाखवलेली जागा मी कुठल्या नकाशात खोडू?"

डोळे मिटून दाखवीन हे त्यांनी उगीच म्हटलं नव्हतं. शनिवारी त्यांचा वर्ग डोळे मिटूनच चालायचा. शनिवार त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी काम करायचं नाही, लिहायचं नाही. हेडमास्तरांनी रजा देऊ केली होती. पण मास्तर म्हणाले, मी येईन, फक्त खडूला हात लावणार नाही. बोलणं हे काही काम नव्हे. यावर शिक्षकांच्या खोलीत बरेच दिवस चर्चा झाली, कारण मग आम्ही बाकीचे पगार कशाचा घेत होतो हा प्रश्न उभा राहत होता.

तर शनिवारी सकाळी मास्तर वर्गात यायचे, दार लोटायचे आणि म्हणायचे, मिटा डोळे. माझा वर्ग शेजारीच. मध्ये फक्त लाकडी पडदी. तिच्यातून त्यांचा आवाज यायचा, सावकाश, खालच्या पट्टीतला. आता आपण बंदरावर आहोत. ओहोटी लागायची आहे, भरल्या पाण्यातच निघायचं. मचव्यात जपून पाय टाका. डाव्या हाताला उलवे. उजव्या हाताला डोंगराखाली बेलापूर. पाणी आता रुंद होतंय. तोंडावर वारा लागतोय का? मिठागरं दिसतात, पांढऱ्या राशी दिसतात, त्यावर ऊन पडलंय. माझ्या वर्गात समास चालू असायचा आणि पोरांचे डोळे आपोआप जड व्हायचे. एकदा मी स्वतः फळ्याकडे तोंड करून उभी होते आणि मला खरंच खारा वास आला. पडदीपलीकडे एका पोरानं विचारलं, "मास्तर, उरणच्या मोऱ्याला आमची मावशी हाय. धक्क्याला उतरू का?" मास्तर म्हणाले, उतर, पण डोळे उघडू नकोस. तास संपेपर्यंत तो पोरगा मावशीकडेच होता.

त्या वर्गांमुळे एक अडचण झाली. एका साली शाळा तपासायला वरून साहेब आले. भूगोलाच्या तासाला बसले. साहेबांनी सहज विचारलं, पनवेल हे नाव कशावरून पडलं, कुणी सांगेल? वर्गातले सगळे हात वर गेले. हेडमास्तर खूश झाले. साहेबांनी पुढच्या बाकावरच्या शिरवण्याच्या एका मुलाला उठवलं, मामाकडे राहून शिकत होता तो. त्यानं छाती काढून सांगितलं, की गाढी नदीत याकोबाची देवाबरोबर कुस्ती झाली म्हणून.

साहेबांनी चष्मा काढला. हेडमास्तरांचा चेहरा बघवेना. साहेब मास्तरांकडे वळून म्हणाले, हे काय आहे?

"मुलगा चुकला, साहेब," मास्तर म्हणाले. "देवाबरोबर नाही, देवदूताबरोबर. पोथी सांगणाऱ्यांत त्यावर मतभेद आहेत."

साहेबांनी विचारलं, हे भूगोलात येतं का? मास्तर म्हणाले, नदी येते. शेऱ्यात साहेबांनी काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही, पण जाताना त्यांनी मास्तरांना बाजूला घेऊन आपल्या गावाचं नाव सांगितलं आणि ते कशावरून असेल असं विचारलं. मास्तर त्यांना बरोबर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या घालत राहिले. त्यांची जीप ताटकळत होती.

असा हा माणूस. त्याला कुणाबद्दल वाईट बोलताना ऐकलं नाही. म्हणून त्यांच्या घरातली खरी गोष्ट मला कळली तेव्हा आधी विश्वास बसेना.

त्यांना एकच मुलगा, दानियल. मी यायच्या आधीच तो गेला होता. इस्राएल देश नवा झाला तेव्हा आळीतली तरुण पोरं एकेक करून निघाली. दानियलही म्हणाला, जातो. मास्तरांनी समजावलं. आजोबा-पणजोबांच्या कबरी इथं, भाषा इथली, आणि देवाचं तोंड दिसलेलं गाव इथं. ते सोडून कोण कुठं जातं? पोरगा तरणा होता, त्यानं म्हणून टाकलं की आजीच्या कानात मळ होता म्हणून आपण जन्मभर इथं बसायचं का. आईबद्दलचा तो शब्द मास्तरांना लागला. त्यांनी दारात उभं राहून सांगितलं, जा, पण पुन्हा मला तोंड दाखवू नकोस.

आपल्याकडे रागानं बोलायची ही रोजची पद्धत आहे. भाऊ भावाला म्हणतो, आई लेकीला म्हणते, आणि दोन दिवसांनी दोघं एका ताटात जेवतात. पण मास्तर शब्दांचा माणूस. बोललेलं वाक्य त्यांच्या लेखी जागेला चिकटून राहायचं. त्या दिवसापासून त्यांनी मुलाचं नाव घेतलं नाही. बोलायची वेळ आली तर 'तुझा मुलगा' म्हणायचे, फार तर 'तो'. मला त्या माणसाचा राग यायचा आणि तितकीच कीवही यायची.

रिबकाबाई ठेंगण्या, गोल, तुरुतुरु चालणाऱ्या. खोबऱ्याच्या दुधातलं त्यांच्यासारखं कालवण मी आजवर कुठं खाल्लं नाही. मुलाचं पत्र आलं की त्या पुढच्या ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचायच्या. ऐकायला कुणी असो-नसो. आळीतली कुत्रीसुद्धा दानियलची खुशाली जाणून होती. मास्तर आतल्या खोलीत मुलांच्या वह्या तपासत बसलेले असायचे आणि पत्र चालू असेतो पान उलटल्याचा आवाज येत नसे. मुलगा बैर-शेबाला राहत होता. कारखान्यात काम करत होता. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, तिचं नाव त्यानं आजीचं ठेवलं होतं. तीच आजी, जिच्या कानावरून भांडण झालं होतं. हे वाचून रिबकाबाईंनी मुद्दाम थांबा घेतला. मग तीच ओळ पुन्हा वाचली, आतल्या खोलीकडे तोंड करून.

असंच एकदा पत्र वाचणं चालू होतं, मी समोर तांदूळ निवडत होते. दानियलनं लिहिलं होतं, की बाबांना सांग, पनुएल म्हणतात ती जागा इथून लांब नाही, पण सरहद्दीच्या पलीकडे दुसऱ्या देशात आहे. आमच्यातल्या कुणालाच तिथं जाता येत नाही.

आतून मास्तरांचा आवाज आला, "यब्बोक नदीच्या काठी. मला ठाऊक आहे."

इतक्या वर्षांत मुलाच्या पत्राला त्यांनी दिलेलं हे पहिलं उत्तर. रिबकाबाई पत्र हातात घेऊन उठल्या. पण लगेच मास्तर बाहेर आले आणि मला उद्देशून म्हणाले, ऐकलंत ना बाई, तिकडे गेलं तरी पनुएल मिळत नाही. आपलं इथलं बरं, चालत जाता येतं. आणि टोपी घालून बंदराकडे निघून गेले. त्या दिवशी त्यांनी दाराच्या नळीला हात लावला नाही आणि त्यासाठी कोपऱ्यावरून परतही आले नाहीत.

त्यानंतर रिबकाबाईंनी मन पक्कं केलं. मुलगा कागदपत्रं पाठवत होता, दोघांना या म्हणत होता. आळी निम्मी रिकामी झाली होती. शनिवारी मशिदीत प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढे जमवायला उरणहून नातेवाइकांना बोलवावं लागायचं. रिबकाबाईंचं वय होत चाललं होतं, गुडघे धरत होते, आणि नातीला एकदा मांडीवर घ्यायचं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. एका दुपारी माझ्यासमोरच त्या मास्तरांना म्हणाल्या, "मी जानार. तुमी येत असाल तर या, नाय तर ऱ्हावा तुमच्या पनवेलात. माज्या पोरानं मला तोंड दाखवू नको म्हनून सांगितलेलं नाय."

ते घर आता मोडणार हे आम्हाला दिसत होतं, आणि त्यात बोलायचा अधिकार कुणालाच नव्हता.

जायच्या आधी रिबकाबाईंनी मलिदा केला. एलियाहू नबीच्या नावानं त्यांच्यात हा प्रसाद करतात. पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर केळी आणि फळं. मला बोलावलं होतं. मास्तरांनी हिब्रूत प्रार्थना म्हटली, सुंदर म्हटली. मग सगळे पांगले आणि आम्ही तिघं ओट्यावर बसलो. संध्याकाळ झाली होती, खाडीवरून गार वारा येत होता. मी म्हटलं, मास्तर, ती याकोबाची गोष्ट सांगा. ते सांगायला लागले आणि नेहमीच्या ठिकाणी थांबले. उजाडलं, याकोब बोलला, गावाला नाव पडलं.

मी सहज विचारलं, "मग पुढे? त्याचा भाऊ येत होता ना? त्याचं काय झालं?"

माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. गोष्ट ऐकणारा कुणीही हेच विचारील. इतकी वर्षं ती ऐकत होते, पण ती गावाच्या नावाची गोष्ट म्हणून. भाऊ वाटेतच राहून गेला होता. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले आणि आत गेले. रिबकाबाई केळीच्या साली गोळा करत म्हणाल्या, "पुढं ते कदी सांगतच नाय."

पुढचा शनिवार आला. पडदीपलीकडून नेहमीचा आवाज आला, मिटा डोळे. मी संधी शिकवत होते. पण या वेळी बंदर नव्हतं, मचवा नव्हता. मास्तर म्हणाले, नदी ओलांडली आहे. उजाडलं आहे. याकोब पुढे चाललाय, लंगडत. मी खडू खाली ठेवला. माझा वर्गही गप्प झाला.

समोरून भाऊ येतोय, मास्तर सांगत होते. त्याच्याबरोबर माणसं आहेत, धूळ उठली आहे. याकोबाला वाटतंय, हा आता सूड घेणार. तो थांबतो, वाकतो, पुन्हा चालतो, पुन्हा वाकतो. आणि भाऊ काय करतो? ज्याचं सगळं हिरावून घेतलं होतं तो भाऊ धावत सुटतो. थोरला असून धावतो. येऊन याच्या गळ्यात पडतो. दोघं रडतात. मग याकोब त्याला म्हणतो, तुझं तोंड पाहिलं आणि मला वाटलं…

आवाज थांबला. मी वाट पाहिली. मग राहवेना म्हणून बाहेरून त्यांच्या दाराशी गेले. दार नीट लागलं नव्हतं. सगळा वर्ग डोळे मिटून बसला होता, हात मांडीवर, माना थोड्या वर उचललेल्या. खिडकीतून ऊन येत होतं. मास्तर टेबलाला धरून उभे होते आणि रडत होते. आवाज न करता, टोपी काढून, तोंड उघडं ठेवून. एकाही पोरानं डोळे उघडले नाहीत. मास्तरांनी उघडा म्हटलं नव्हतं. शेवटी मागून कुणीतरी हळूच विचारलं, "काय वाटलं मास्तर त्याला?"

"देवाचं तोंड पाहिल्यासारखं वाटलं," मास्तर म्हणाले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं चेहरा पुसला, टोपी घातली, आणि मग म्हणाले, उघडा. मी माझ्या वर्गात परत आले. त्या दिवशी माझ्याच्यानं पुढे काही शिकवणं झालं नाही.

संध्याकाळी ते आमच्या दारात आले. आत बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, तुम्ही पुढचं विचारलं होतं. रात्री नदीकाठी त्याला जे दिसलं, ते पुरतं कळलं दुसऱ्या दिवशी, भावाच्या तोंडाकडे बघून. नाव तिथं पुरं होतं. मी आयुष्यभर अर्धंच शिकवलं. मग म्हणाले, "आणि बाई, धावला तो, ज्याचं बिघडलं होतं. मी आपला इथं बसून होतो, की गेला त्यानंच यावं."

ह्यांनी पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला. कुणाचा हात हातात घेणाऱ्यांतले हे नव्हेत, पण त्या दिवशी घेतला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. मास्तरांनी राजीनामा दिला. गावातली माणसं म्हणत होती, आता मास्तर जाऊन गाढीच्या वळणावर बसतील, जीव लावलेली जागा आहे. तसं काही झालं नाही. ते घरी सामान बांधत होते आणि फार वाईट बांधत होते. रिबकाबाई त्यांनी मारलेली प्रत्येक गाठ सोडून पुन्हा मारत होत्या. पाटा-वरवंटा न्यायचा की नाही यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. आळीला ते भांडण ऐकून बरं वाटलं.

सकाळच्या एस.टी.नं ते निघाले. मुंबईला नातेवाइकांकडे उतरून मग विमान होतं. स्टँडवर आम्ही बरेच जण गेलो होतो. शाळेतली मुलं होती, हेडमास्तर होते, आळीत उरलेली दोन-चार घरं होती. पहाटेचं धुकं अजून गेलं नव्हतं, कर्नाळ्याचा सुळका दिसत नव्हता. रिबकाबाई सगळ्या बायकांच्या गळ्यात पडून रडून घेऊन गाडीत खिडकीशी बसल्याही. मास्तर खालीच उभे होते, एकेकाला नमस्कार करत. नवा कोट शिवला होता, तो खांद्यावर बसत नव्हता.

कंडक्टरनं घंटी मारली तसे ते माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तो विमानतळावर येणार आहे. समोर दिसला की पहिलं काय बोलायचं असतं हो?"

जगातल्या गावांची नावं ज्याला मुखोद्गत, त्या माणसानं मला हे विचारावं? माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, काही बोलू नका मास्तर. नुसती हाक मारा.

त्यांनी मान हलवली. पाठ केल्यासारखी दोनदा हलवली. गाडीत चढले, रिबकाबाईंच्या मागच्या बाकावर खिडकीशी बसले. गाडी सुरू झाली. आम्ही हात हलवत होतो, पोरं गाडीबरोबर धावत होती. मास्तरांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. समोर कुठंतरी बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. एकदा हलले, थांबले, पुन्हा हलले. दानियल म्हणून बघत होते की दानू, ते खालून ऐकू येत नव्हतं. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते हाक मारून बघत होते.